वर्षाची खेळाडू कोण? २००७ सालच्या दोन पिचर्सचं प्रकरण

२००७ साली अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलची सर्वोत्तम खेळाडू कोण, या प्रश्नाची दोन उत्तरं देण्यात आली आणि दोन्ही उत्तरांना रीतसर ट्रॉफी मिळाली. राष्ट्रीय महासंघाने नाव घेतलं टेनेसी विद्यापीठाच्या मोनिका ॲबटचं. त्याच वर्षी जुलैमध्ये ईएसपीएन वाहिनीच्या एस्पी सोहळ्यात नाव पुकारलं गेलं ॲरिझोना विद्यापीठाच्या टॅरिन मोवॅटचं. मोवॅटला तिथे दोन मान मिळाले. पहिला सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडूचा, आणि दुसरा, ज्याने भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या, सर्वोत्तम महिला खेळाडूचा. म्हणजे टेनिस, गोल्फ, बास्केटबॉल सगळं धरून, व्यावसायिक खेळाडूंसकट.

दोघीही पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या. दोघीही कॅलिफोर्नियाच्या, ॲबट सलिनासची, मोवॅट कोरोनाची. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात विजेतेपदाच्या मालिकेत दोघींचे संघ एकमेकांसमोर उभे होते, त्यामुळे तुलना करायला कुणाला लांब जावं लागलं नाही. मग निकाल दोन का लागले? यात कुणावर अन्याय झाला का? सॉफ्टबॉलप्रेमींमध्ये हा वाद निघाला की ‘टीव्हीने घोळ केला’ किंवा ‘महासंघाला शेवटचा आठवडा दिसलाच नाही’ अशी दोन टोकं निघतात. मला हे प्रकरण त्याहून जास्त शिकवणारं वाटतं. कारण त्यात पुरस्कार देणाऱ्या यंत्रणा आतून कशा चालतात ते लख्ख दिसतं.

ॲबटचा हंगाम

आधी थोडं मैदान डोळ्यांसमोर आणू. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचर उभी असते ते ठिकाण आणि होमप्लेट, म्हणजे बॅटरची जागा, यांत ४३ फूट अंतर असतं, जेमतेम तेरा मीटर. बेसबॉलमध्ये हेच अंतर साठ फुटांहून जास्त. पिचर हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवते, मनगट कमरेला घासून जातं आणि चेंडू खालून सुटतो. सुटेपर्यंत तिचं पाऊल लांब पुढे पडलेलं असतं, त्यामुळे ते तेरा मीटरही पुरते उरत नाहीत. आता ही पिचर सहा फूट तीन इंच उंचीची आणि डावखुरी आहे अशी कल्पना करा. ती मोनिका ॲबट.

मी काही वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये स्कोअरर म्हणून टेबलाशी बसलो आहे. स्कोअररच्या वहीत प्रत्येक बॅटरच्या नावापुढे इनिंगमागे एक चौकोन असतो आणि त्या चौकोनात छोटासा डायमंड छापलेला असतो. धाव झाली की पेन्सिलने डायमंड भरून टाकायचा. बॅटर चेंडू न मारताच पिचरकडून बाद झाली, म्हणजे स्ट्राइकआउट झाली, की मधोमध इंग्रजी ‘के’ काढायचा. बॅट न फिरवताच बाद झाली तर तोच ‘के’ आरशात दिसावा तसा उलटा. आमच्या स्पर्धेत एका पिचरने एका सामन्यात दहा-अकरा ‘के’ काढायला लावले तरी शेजारचा अंपायर वाकून वही बघायचा.

ॲबटने २००७ च्या एका हंगामात ७२४ स्ट्राइकआउट केले. एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागातला हा एका हंगामाचा विक्रम आहे. आकडा नुसता वाचून त्याचा अंदाज येत नाही, म्हणून हिशेब मांडतो. सात इनिंगच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे एकवीस बाद मिळवावे लागतात. ७२४ ला २१ ने भागा, उत्तर साडेचौतीसच्या आसपास येतं. म्हणजे जवळजवळ पस्तीस पूर्ण सामने असे, की ज्यात मागच्या सात क्षेत्ररक्षकांनी हातमोजे काढून गवतावर बसावं आणि तरी प्रतिस्पर्धी संघ बाद व्हावा. चार वर्षांच्या कारकिर्दीचा आकडा २,४४०. तोच भागाकार केला तर एकशे सोळा सामने. सोबत १८९ विजय, ११२ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याची पाटी कोरी, आणि २३ नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका न मारू देता टाकलेले सामने.

२००७ मध्ये टेनेसीने जिंकलेल्या ६३ सामन्यांपैकी ५० तिच्या नावावर आहेत. संघाच्या पाच विजयांतले चार, असं साधारण म्हणता येईल. राल्फ आणि कॅरन वीकली हे पतिपत्नी मिळून तो संघ चालवत होते. ॲबट असताना टेनेसी २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षं ओक्लाहोमा सिटीला, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेला, पोचलं.

तरीही २००७ पर्यंत वर्षाची खेळाडू हा मान तिच्याकडे आला नव्हता. त्याचं कारण टेक्सास विद्यापीठात होतं. त्याचं नाव कॅट ऑस्टरमन, तीही पिचर. महासंघाचा हा पुरस्कार २००२ पासून सुरू झाला. पहिला यूसीएलए विद्यापीठाच्या कॅचर (होमप्लेटमागे चेंडू झेलणारी) स्टेसी नूवमनला, दुसरा ऑस्टरमनला. २००४ साली ऑस्टरमन कॉलेजचा हंगाम सोडून अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण जिंकायला गेली, म्हणून त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटच्या जेसिका व्हॅन डर लिंडनला वाट मिळाली. २००५ आणि २००६ ला ऑस्टरमन परत आली आणि पुरस्कारही परत तिच्याकडे गेला. हा पुरस्कार तीन वेळा मिळवणारी ती एकटीच. ॲबटचा कॉलेजातला प्रवेश २००४ चा. म्हणजे तिची मधली दोन वर्षं ऑस्टरमनच्या सावलीत गेली आणि शेवटच्या वर्षी मैदान मोकळं झालं. त्या वर्षी तिने जे केलं त्यानंतर मतदारांना फार डोकं खाजवायची गरज पडली असेल असं मला वाटत नाही.

मत कोण देतं, कधी देतं

आता पुरस्काराच्या पद्धतीकडे. अमेरिकेतल्या या खेळाचा महासंघ तेव्हा अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन या नावाने ओळखला जाई. पुढे त्याने यूएसए सॉफ्टबॉल हेच नाव घेतलं. हंगाम सुरू होण्याआधी पन्नास खेळाडूंची एक यादी जाहीर होते. हंगाम सरकेल तशी ती गाळत गाळत पंचविसावर, मग दहावर, मग तीनवर आणतात. मतदारांत प्रशिक्षक असतात, खेळाचं वार्तांकन करणारे पत्रकार असतात आणि महासंघाचे प्रतिनिधी असतात. अंतिम नाव साधारणपणे वुमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या तोंडावर जाहीर होतं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. वर्ल्ड सिरीज म्हणजे आठ संघांची शेवटची स्पर्धा, हंगामाचा कळस. पण पुरस्काराच्या चाळणीत हा कळस येतच नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंतचे पन्नास-साठ सामने मोजले जातात, आणि ज्या सात-आठ दिवसांवर सगळ्या देशाची नजर असते ते हिशेबाबाहेर राहतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण यामागे एक साधा विचार आहे. वर्ल्ड सिरीजला आठच संघ जातात. नवव्या संघातली खेळाडू वर्षभर सगळ्यांत भारी खेळली असेल तर तिला केवळ तिचा संघ आठवडाभर आधी हरला म्हणून मागे टाकायचं का? शेवटच्या आठवड्यासाठी ‘मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर’ हा वेगळा मान आहेच. वर्षाचा पुरस्कार वर्षाला, आठवड्याचा आठवड्याला. मांडणी स्वच्छ आहे.

याशिवाय होंडा पुरस्कार आहे. १९७६ पासून महिला कॉलेज खेळांत तो दिला जातो आणि त्यासाठी एनसीएएच्या सदस्य संस्थांचे क्रीडा प्रशासक मतं देतात. २००७ चा सॉफ्टबॉलचा होंडा पुरस्कारही ॲबटकडेच गेला. म्हणजे प्रशिक्षक, पत्रकार, महासंघ आणि प्रशासक असे या खेळात मुरलेले सगळे एका बाजूला होते.

एस्पीचं गणित मात्र वेगळं. २००४ पासून एस्पीचे विजेते प्रेक्षकांच्या ऑनलाइन मतांनी ठरू लागले. नामांकनं आधी ठरतात आणि मग ज्याला इंटरनेट आहे तो मत देतो. सोहळा असतो जुलैत, म्हणजे वर्ल्ड सिरीज संपून महिना उलटल्यावर. आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. वर्ल्ड सिरीजचं प्रक्षेपण करणारी वाहिनी ईएसपीएन आणि एस्पी पुरस्कार देणारी वाहिनीही ईएसपीएन. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी ॲबटने पंधरा जणींना बाद केलं ते स्टँडमधल्या काहीशे लोकांनी पाहिलं असेल. जूनमधला मोवॅटचा आठवडा देशभरातल्या बैठकीच्या खोल्यांत पोचला. मतदाराने जे पाहिलं त्यालाच तो मत देणार, यात त्याचा दोष काढायचा कसा?

सात दिवस, एक हात

आता तो आठवडा. ३१ मे ते ६ जून २००७, ओक्लाहोमा सिटी.

ॲरिझोना गतविजेता होता. माईक कँड्रिया हे प्रशिक्षक, ज्यांच्या नावावर तेव्हा सात राष्ट्रीय विजेतेपदं होती. पण २००६ चं विजेतेपद ज्या पिचरच्या जोरावर आलं, ती अलिशिया हॉलोवेल शिकून बाहेर पडली होती. त्या वर्षी मोवॅट तिच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर होती. २००७ ला सगळा भार मोवॅटवर आला. हंगामात तिने ४२ सामने जिंकले आणि ५२२ स्ट्राइकआउट केले. हा आकडा ॲरिझोनाच्या कुठल्याही पिचरच्या एका हंगामापेक्षा मोठा होता, आणि ॲरिझोना म्हणजे जेनी फिंचसारखी नामवंत पिचर जिथे घडली ते विद्यापीठ. म्हणून मोवॅट ही आठवडाभराची चमक होती असं जे म्हणतात त्यांनी हा आकडा एकदा पाहावा. ॲबटशेजारी उभं केलं की तो लहान दिसतो, पण त्या वर्षी ॲबटशेजारी कोण मोठं दिसलं असतं?

ॲरिझोना वाटेत एक सामना हरून अंतिम मालिकेत पोचला. अंतिम मालिकेपर्यंत दुसरी हार म्हणजे घरी, त्यामुळे एका हारीनंतर प्रत्येक सामना जीवन-मरणाचा. अंतिम मालिका तीन सामन्यांची. दोन जिंकणारा विजेता. पहिला सामना टेनेसीने ३–० ने घेतला. विजेतेपद एका सामन्यावर आलं, आणि टेनेसीकडे ॲबट होती.

दुसऱ्या सामन्याचा स्कोअरकार्ड मी एखाद्या जुन्या पत्रासारखा पुन्हा पुन्हा पाहतो. सात इनिंग संपल्या, शून्य-शून्य. आठवी, शून्य-शून्य. नववी, शून्य-शून्य. आडव्या ओळीत एकाखाली एक अशी शून्यांची दुहेरी माळ, आणि दहाव्या चौकोनात ॲरिझोनाच्या बाजूला एक बारीकसा १. त्यापलीकडे काही नाही. सामना १–०. वहीत असा सामना लिहिताना स्कोअररची अवस्था वाईट होते, कारण एकही चौकोन चुकला तर सगळा सामना चुकतो आणि मागे जाऊन जुळवायला धावांचा आधारच नसतो.

तिसरा सामना दुसऱ्या दिवशी. ॲरिझोना ५–०. कँड्रियांचं आठवं विजेतेपद. टेनेसीने शेवटच्या सतरा इनिंगमध्ये एकही धाव केली नाही.

आता मोवॅटचा हिशेब. ॲरिझोनाने त्या आठवड्यात आठ सामने खेळले. आठही सामन्यांतली प्रत्येक इनिंग तिने टाकली. एकूण साठ इनिंग, ७६ स्ट्राइकआउट, १,०३५ चेंडू. हे सगळे वर्ल्ड सिरीजचे विक्रम झाले. सरासरी काढली तर सामन्यामागे जवळजवळ १३० चेंडू पडतात, आणि असे आठ सामने सात दिवसांत. मोवॅटची उंची पाच फूट सहा इंच. ॲबट आणि ती शेजारी उभ्या असलेला फोटो पाहिला की शाळेतली ताई आणि धाकटी बहीण वाटतात.

सॉफ्टबॉलमध्ये एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खालून हात फिरवणं शरीराला नैसर्गिक, म्हणून पिचर रोज टाकू शकते. बेसबॉलमध्ये पिचरला चार-पाच दिवस विश्रांती द्यायची हा नियमासारखा रिवाज. सॉफ्टबॉलमध्ये मात्र एकच मुलगी सकाळ-संध्याकाळ. कॉलेजच्या मैदानावर आपल्याकडेही हेच पाहिलंय. दोन दिवसांच्या स्पर्धेत चार सामने आणि चारही सामन्यांना एकच पिचर, कारण दुसरी तयारच केलेली नसते. मोवॅटच्या पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण नेलं. जपानमध्ये आजही नुसतं ‘४१३ चेंडू’ म्हटलं की लोकांना कळतं. अशा आठवड्यांना शौर्य म्हणून टाळ्या वाजतात. मीही वाजवल्या आहेत. पण मोवॅटच्या १,०३५ कडे बघताना टाळ्यांबरोबर पोटात गोळाही येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या काळात वर्ल्ड सिरीजच्या वेळापत्रकात विश्रांतीला जागा वाढवण्यात आली, आणि दोन-तीन पिचर तयार ठेवणं मोठ्या संघांत रुळलं.

मग चूक कुणाची?

या प्रकरणात मला महासंघाच्या पुरस्काराबद्दल शंका नाही. समजा मतदान ६ जूननंतर झालं असतं, तरी मी ॲबटलाच मत दिलं असतं. तीन-चार महिन्यांचं काम दोन सामन्यांनी पुसलं जात नाही. आणि त्या दोनपैकी एक सामना दहाव्या इनिंगमध्ये १–० ने गेलेला. पिचरने एकच धाव दिली आणि तिच्या संघाने एकही केली नाही, यात पिचरचं काय चुकलं?

एस्पीचा निकाल मला खटकतो, पण लोक म्हणतात त्या कारणासाठी नाही. कॉलेज सॉफ्टबॉलमधली एक मुलगी त्या वर्षीच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या महिलांत सर्वोत्तम ठरली याचा आनंदच आहे. या खेळाला असा मान रोज मिळत नाही. खटकतो तो पुरस्काराच्या नावाचा आणि त्यात जे मोजलं गेलं त्याचा बेबनाव. नाव ‘वर्षातली सर्वोत्तम’, आणि मोजला गेला जूनचा एक आठवडा. त्याला ‘वर्षातला सर्वोत्तम पराक्रम’ म्हटलं असतं तर माझं मत मोवॅटला, आणि हात वर करायला मी एक क्षणही लावला नसता.

महासंघाच्या पद्धतीतही एक कच्चा दुवा आहे, तो वेगळा. पहिल्या वर्षी कॅचर निवडली गेली आणि त्यानंतर २००३ पासून २०१० पर्यंत पुरस्कार सलग चेंडू टाकणाऱ्या हातांकडेच गेला. २००८ ला व्हर्जिनिया टेकची अँजेला टिंचर. तिने त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाविरुद्ध सरावसामन्यात नो-हिटर टाकून १–० असा विजय मिळवला होता, आणि त्या संघाची १८५ सरावसामन्यांची विजयमाला तोडली होती. २००९ आणि २०१० ला वॉशिंग्टनची डॅनिएल लॉरी, जी कॅनडाची. अमेरिकेच्या महासंघाने आपला सर्वोच्च कॉलेज मान सलग दोन वर्षं शेजारच्या देशाच्या ऑलिंपिक खेळाडूला दिला, हे मला त्या पुरस्काराबद्दलचं सगळ्यांत चांगलं प्रशस्तिपत्र वाटतं. २०११ ला स्टॅनफर्डची शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक) ॲशली हॅन्सन आली तेव्हा कुठे ही रांग मोडली. पिचर प्रत्येक चेंडूला हात लावते, म्हणून आकड्यांत ती फुगून दिसते. शॉर्टस्टॉपने अडवलेली धाव वहीत कुठल्याही चौकोनात भरत नाही. आता पिचर, कॅचर, पदार्पण करणारी खेळाडू यांच्यासाठी प्रशिक्षक संघटनेचे वेगवेगळे पुरस्कार आहेत, सर्वांत चपळ बेस चोरणारीसाठी ‘गोल्डन शू’सुद्धा आहे. त्यामुळे ही कोंडी थोडी सैल झाली.

आपल्या घरचा संदर्भ एवढ्यासाठी देतो की तिसरीही एक पद्धत असते आणि ती आपल्या ओळखीची आहे. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल शालेय आणि विद्यापीठ पातळीवर चांगलं खेळलं जातं, आणि शिवछत्रपती पुरस्काराच्या यादीत सॉफ्टबॉलची नावं येतात. तिथे अर्जासोबत प्रमाणपत्रांची चळत जोडायची आणि कुठल्या स्पर्धेत कुठलं पदक, त्याचे किती गुण, अशी बेरीज मांडायची. ही पद्धत वशिल्याला आवर घालते, म्हणून मला तिचा आदर आहे. पण सांघिक खेळात पदक संघाला मिळतं. आपल्या या गुणपत्रकात २००७ ची ॲबट रौप्यवाली ठरली असती, आणि सुवर्णाचे गुण ॲरिझोनाच्या बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूला तिच्याहून जास्त मिळाले असते. ऑस्टरमनचं तर विचारूच नका. टेक्सासकडून तीन वेळा वर्षाची सर्वोत्तम, आणि कॉलेजचं विजेतेपद एकदाही नाही.

दोन्ही एकाच हाती

वर्षाचा पुरस्कार आणि आठवड्याचा मान एकीलाच मिळणं अशक्य नाही. २००९ मध्ये लॉरीने ते केलं. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या केइलानी रिकेट्सने, तेही अंतिम फेरीत टेनेसीलाच हरवून. २०१५ मध्ये फ्लोरिडाच्या लॉरेन हेगरने, २०१९ मध्ये यूसीएलएच्या रेचल गार्सियाने, २०२२ मध्ये ओक्लाहोमाच्या जोसलिन ॲलोने. त्या वर्षांत असा वाद झालाच नाही. पुरस्कारांची पद्धत मात्र तीच होती. तेव्हा ती योग्य वाटली, कारण उत्तरं जुळली.

ॲबट आणि मोवॅट दोघींचं पुढे चांगलं झालं. ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल वेगाने चेंडू टाकून विश्वविक्रम नोंदवला. २०१६ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये तिला सहा वर्षांसाठी दहा लाख डॉलरचा करार मिळाला. ती जपानमध्ये टोयोटाच्या संघाकडूनही खेळली. २००८ आणि टोकियो अशा दोन ऑलिंपिकमध्ये तिने रौप्य घेतलं, दोन्ही वेळा ऑस्टरमन तिच्याच संघात, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर जपान. मोवॅट प्रशिक्षणाकडे वळली आणि पुढे ॲरिझोनालाच पिचिंग प्रशिक्षक म्हणून परतली. २०२१ मध्ये कँड्रिया निवृत्त झाले तेव्हा मुख्य प्रशिक्षकपद केटलिन लो हिच्याकडे आलं. ती २००७ च्या त्या संघात मोवॅटच्या मागे आउटफील्डला उभी होती.

२०२५ मध्ये हे प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं पुन्हा उभं राहिलं, फक्त पात्रं थोडी फिरून. निजारी कॅनडी ही २०२४ ची वर्षाची खेळाडू, तेव्हा स्टॅनफर्डची पिचर. त्यानंतर ती दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर टेक्सास टेकला गेली. नेमका आकडा १०,५०,०२४ डॉलर. शेवटचे चोवीस तिच्या जर्सीच्या क्रमांकाचे. २०२५ चा पुरस्कार वर्ल्ड सिरीजच्या तोंडावर जाहीर झाला आणि तो गेला अर्कान्सासची फर्स्ट बेसवाली ब्री एलिस हिला. अर्कान्सास वर्ल्ड सिरीजला पोचलंही नव्हतं. इकडे कॅनडीने टेक्सास टेकला पहिल्यांदाच ओक्लाहोमा सिटीत नेलं, सलग चार वेळा जिंकलेल्या ओक्लाहोमाला बाहेर काढलं आणि अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यापर्यंत संघाचा एक न् एक चेंडू स्वतः टाकला. मालिका एक-एक अशी बरोबरीत आली. तिसऱ्या सामन्यात समोरच्या टेक्सास विद्यापीठाने पहिल्याच इनिंगमध्ये तिच्यावर पाच धावा केल्या, आणि तिला बाहेर घेण्यात आलं. सामना १०–४ ने टेक्सासकडे गेला. २००७ मध्ये साठ इनिंगमध्ये मोवॅटच्या हातून चेंडू एकदाही काढून घ्यावा लागला नव्हता.